गीतातील ‘मी’ कोणाचा? : एला फिट्झजेराल्ड यांच्या ध्वनिमुद्रिकांचा विचार

जॅझ गायनाच्या समीक्षेत एला फिट्झजेराल्ड यांच्याविषयी एक आक्षेप वारंवार घेतला जातो. स्वर निर्दोष, लय अचूक, उच्चार स्वच्छ, आवाजाचा पल्ला विस्तृत, हे सारे मान्य करून झाल्यावर समीक्षक हळूच म्हणतो, की या बाईंना शब्दांचा अर्थ उमगतो असे मात्र वाटत नाही. दुःखाचे गीतही त्या प्रसन्नपणे गातात. विरहाच्या ओळीतही वेदना ऐकू येत नाही. या विधानापाठोपाठ बहुधा बिली हॉलिडे यांचे नाव येते आणि तुलना तेथेच संपते. हॉलिडे गीत जगतात, फिट्झजेराल्ड ते केवळ गातात, असा हा निवाडा आहे.

निवाडा सर्वस्वी खोटा नाही, हे पुढे दिसेलच. परंतु ‘अर्थ’ हा शब्द त्यात ज्या सैलपणे वापरला जातो, तो भाषेच्या अभ्यासकाला खटकल्यावाचून राहणार नाही. गायिलेल्या वाक्याचा अर्थ नेमका कोठे असतो? शब्दांत, चालीत, आवाजाच्या पोतात, की गाणाऱ्या व्यक्तीविषयी श्रोत्याने आधीच करून घेतलेल्या समजुतीत? फिट्झजेराल्ड यांच्या ध्वनिमुद्रिका या प्रश्नासाठी विशेष सोयीच्या आहेत. १९३५ पासून १९८९ पर्यंत, म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ, त्या ध्वनिमुद्रणासाठी गात होत्या. आणि त्या साहित्यात एकीकडे अत्यंत घडीव, शब्दप्रधान गीते आहेत, तर दुसरीकडे ज्यात एकही कोशगत शब्द नाही असे गायनही आहे.

प्रथम गीतांच्या ‘मी’विषयी. ‘मी’ आणि ‘तू’ या सर्वनामांना स्थिर निर्देश नसतो. जो बोलतो तो ‘मी’, ज्याला उद्देशून बोलतो तो ‘तू’. येस्पर्सन यांनी अशा शब्दांना ‘शिफ्टर’ हे नाव दिले आणि रोमान याकोबसन यांनी १९५७ च्या निबंधात त्यांचे सविस्तर विवेचन केले. अमेरिकन जॅझ गायक ज्या गीतांवर पोसला गेला त्यांतील पुष्कळशी गीते ब्रॉडवेच्या संगीत नाटकांसाठी वा हॉलिवुडच्या चित्रपटांसाठी रचलेली होती. तेथे ‘मी’ म्हणजे अमुक एक पात्र, हे प्रेक्षकाला डोळ्यांनी दिसत असे. गीत नाटकातून सुटले, तबकडीवर गेले, की हा ‘मी’ पोरका होतो. त्याला कोणीतरी दत्तक घ्यावे लागते. प्रत्येक गायकाची शैली म्हणजे, एका अर्थी, या दत्तकविधानाची पद्धत होय.

हॉलिडे यांची पद्धत सर्वांना ठाऊक आहे. त्या ठोक्याच्या किंचित मागे राहतात, मूळ चालीतील चढउतार आकुंचित करून तिला बोलण्याच्या पट्टीजवळ आणतात, आणि परिणामी वाक्य त्यांनी आत्ता, या क्षणी, स्वतःविषयी उच्चारले असे वाटते. गीतातील ‘मी’ आणि गाणारी ‘मी’ एक होतात. ही किमया गळ्याची आहे यात शंका नाही. पण ती केवळ गळ्याची नाही. हॉलिडे यांचे आत्मचरित्र १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचे दारिद्र्य, तुरुंगवास, व्यसन आणि फसलेले संसार हे वाचकवर्गाला माहीत होते. १९५८ ची ‘लेडी इन सॅटिन’ ही तबकडी ऐकणारा श्रोता तो झिजलेला आवाज ऐकत होता आणि त्याबरोबर एक वाचलेली कथाही ऐकत होता. पुढच्याच वर्षी, १७ जुलै १९५९ रोजी, हॉलिडे निवर्तल्या. तेव्हापासून तर ती तबकडी त्या कथेवाचून ऐकणे जवळजवळ अशक्यच झाले आहे.

आता दुसरी बाजू पाहावी. फिट्झजेराल्ड यांचा जन्म २५ एप्रिल १९१७ चा, व्हर्जिनियातील न्यूपोर्ट न्यूज या गावचा. बालपण न्यूयॉर्कजवळच्या यॉन्कर्सचे. १९३२ मध्ये आई वारली. त्यानंतर ही मुलगी न्यूयॉर्क राज्याच्या हडसन येथील मुलींच्या सुधारगृहात होती, ही गोष्ट त्यांच्या मृत्यूनंतर, १९९६ मध्ये, वृत्तपत्रांतून सर्वतोमुखी झाली. हयातीत त्यांनी तिचा उच्चार जाहीरपणे केला नाही. नोव्हेंबर १९३४ मध्ये हार्लेममधील अपोलो थिएटरच्या हौशी कलावंतांच्या स्पर्धेत ती जिंकली, १९३५ मध्ये चिक वेब यांच्या वाद्यवृंदात आली, १९३८ मध्ये ‘अ-टिस्केट, अ-टास्केट’ या बालगीताच्या रूपांतराने देशभर प्रसिद्ध झाली: श्रोत्यांना माहीत होती ती एवढीच, उजळ कथा. म्हणजे भोगलेले दुःख आवाजात आपोआप उतरते आणि श्रोत्याला ते आपोआप ऐकू येते, असा जो समज वरील निवाड्याच्या मुळाशी आहे, त्याला हा एक अडचणीचा पुरावा आहे. दुःख दोघींनीही भोगले होते. एकीचे श्रोत्यांना ठाऊक होते, म्हणून ते ‘ऐकू’ आले.

अर्थात एवढ्याने प्रश्न सुटत नाही. फिट्झजेराल्ड यांच्या गाण्यात जी अलिप्तता आहे ती श्रोत्याच्या अज्ञानाचा भास नव्हे. ती खरोखरीची आहे. प्रश्न असा, की तिचे गीतात काय होते.

याचे उत्तर शोधायचे तर ‘सॉंग बुक’ या नावाने १९५६ ते १९६४ या काळात निघालेल्या आठ संचांकडे वळावे लागते. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने लॉंग प्ले तबकडी बाजारात आणली. तीन मिनिटांत आटोपणाऱ्या जुन्या तबकडीच्या जागी एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक काळ मिळू लागला, आणि गीतांची निवड व क्रम यांनाही अर्थ प्राप्त होण्याची शक्यता निर्माण झाली. डेका कंपनीत फिट्झजेराल्ड यांना तिचा फारसा उपयोग करू दिला गेला नाही. अपवाद १९५० च्या ‘एला सिंग्ज गर्श्विन’चा: केवळ एलिस लार्किन्स यांचा पियानो आणि आठ गीते. १९५५ च्या सुमारास नॉर्मन ग्रान्झ यांनी त्यांना डेकामधून सोडवून घेतले व १९५६ मध्ये व्हर्व्ह ही कंपनी स्थापन केली. कोल पोर्टर यांच्या ३२ गीतांचा संच हा त्या कंपनीचा आरंभ. त्याच वर्षी रॉजर्स आणि हार्ट, १९५७ मध्ये ड्यूक एलिंग्टन, १९५८ मध्ये आयर्व्हिंग बर्लिन, १९५९ मध्ये जॉर्ज व आयरा गर्श्विन, १९६१ मध्ये हॅरल्ड आर्लेन, १९६३ मध्ये जेरोम कर्न आणि शेवटी १९६४ मध्ये जॉनी मर्सर. यांतील सात संच संगीतकारांच्या नावाने आहेत. केवळ गीतकार म्हणून मान मिळाला तो एकट्या मर्सर यांना. शब्दांकडे पाहण्याची त्या व्यवसायाची दृष्टी यावरून कळावी.

संचांना ‘बुक’ म्हटले हे लक्षात घेण्यासारखे आहे. येथे गीत हा संहितेचा भाग आहे आणि गायिका त्या संहितेची वाचक. जॅझ गायकांची रूढ प्रथा अशी होती, की गीताचे प्रास्ताविक कडवे, ज्याला त्या परंपरेत ‘व्हर्स’ म्हणतात, ते गाळावे आणि बत्तीस बारांच्या मुख्य भागाला एकदम हात घालावा. व्हर्स ही वस्तू मोठी मौजेची असते. तिची लय सैल, चाल जवळजवळ संभाषणाची. नाटकात पात्र बोलता बोलता गाऊ लागते त्या सांध्यावर ती बसविलेली असते. नाटक गेले की तिचे कामही गेले, असे समजून गायकांनी तिला निकालात काढले होते. फिट्झजेराल्ड यांनी अनेक गीतांच्या व्हर्स पुन्हा गायिल्या. शब्दांविषयी अनास्था असलेली गायिका हे कशाला करील? बोलण्यातून गाणे कसे उगवते याचा तो जिवंत अवशेष आहे, आणि त्या तो शांतपणे, कोणताही अभिनय न करता उलगडतात.

गर्श्विन संचातील ‘बट नॉट फॉर मी’ हे उदाहरण सविस्तर पाहण्याजोगे आहे. गीत १९३० च्या ‘गर्ल क्रेझी’ या नाटकातले. प्रेमात निराश झालेली तरुणी जगातील सारी प्रेमगीते इतरांसाठी आहेत, आपल्यासाठी नाहीत, असे म्हणते. आयरा गर्श्विन यांनी अखेरीस एक श्लेष योजला आहे. इंग्रजीत नकारार्थी ‘नॉट’ आणि गाठ या अर्थाचा ‘नॉट’ यांचे लेखन भिन्न, उच्चार मात्र एकच. सुखान्त कथानकांत विवाहाची गाठ बांधली जाते; हिच्या वाट्याला ती गाठही नाही आणि उरतो तो नकारही नाहीच, असा दुहेरी अर्थ त्या एका अक्षरात कोंबला आहे. कागदावर हा श्लेष मरतो, कारण कागदावर दोहोंपैकी एक वर्णलेखन निवडावेच लागते. तो जगतो तो केवळ कानात, आणि तेथेही गायकाने त्याला बोट लावले नाही तरच. आघात किंचित वाढविला, स्वर जरा लांबविला, की श्रोत्याला कळते की येथे विनोद आहे. मग विनोद उरतो आणि निराशा जाते. उलट दुःखाचा भार त्या शब्दावर टाकला तर नकार उरतो आणि गाठ सुटते. फिट्झजेराल्ड त्या अक्षराला त्याच्या वाट्याची मात्रा देतात, त्याहून अधिक काही देत नाहीत. स्पर्शवर्ण स्पष्ट, स्वर शुद्ध, आघात चालीने सांगितला तेवढाच. दोन्ही अर्थ समतोल राहतात, आणि त्या तोलातच त्या तरुणीचा स्वभाव दिसतो: दुःख आहे, पण स्वतःच्या दुःखाची थट्टा करण्याइतकी बुद्धीही आहे.

हॉलिडे यांनी हेच गीत १९५७ मध्ये, त्याच ग्रान्झ यांच्यासाठी, बेन वेब्स्टर आणि हॅरी एडिसन यांच्यासारख्या वादकांसह ध्वनिमुद्रित केले. ते गायन अविस्मरणीय आहे. तथापि त्यात ‘मी’ इतकी निश्चित आहे, की आयरा गर्श्विन यांची ती चतुर तरुणी कोठे दिसत नाही. दिसतात त्या हॉलिडे. ही हानी आहे असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु एकीने गीताला अर्थ दिला आणि दुसरीने दिला नाही, असे म्हणणे मात्र चूक आहे. एकीने ‘मी’ची जागा भरली, दुसरीने ती रिकामी ठेवली, म्हणून गीतकाराने तेथे ठेवलेले पात्र ऐकू येते.

याच गीताचे फिट्झजेराल्ड यांचे १९५० चे, लार्किन्स यांच्यासोबतचे ध्वनिमुद्रण तुलनेला घेतले तर एक बारीक गोष्ट लक्षात येते. नेल्सन रिडल यांच्या १९५९ च्या वाद्ययोजनेत कौशल्य पुष्कळ आहे, आणि या गीतासाठी त्या वर्षीचे ग्रॅमी पारितोषिकही मिळाले. पण तंतुवाद्यांची ती गादी श्रोत्याला भाव कोणता घ्यावा हे आगाऊ सांगून ठेवते. पियानोच्या संगतीत असे कोणी सांगत नाही. जी अलिप्तता वाद्यवृंदाबरोबर कधीकधी गुळगुळीतपणा वाटते, तीच एका पियानोबरोबर संयम वाटते. आक्षेप घेणाऱ्यांनी बहुधा वाद्यवृंदाचे माप गायिकेच्या पदरात टाकले आहे.

या दृष्टीने कोल पोर्टर संचातील ‘मिस ओटिस रिग्रेट्स’ हे गीत सर्वांत बोलके ठरते. १९३४ च्या या गीतात बोलणारा सेवक आहे. आपल्या मालकिणीला आज भोजनाला येता येणार नाही याबद्दल तो पाहुणीची दिलगिरी व्यक्त करतो. कारण हळूहळू कळते: तिने आपल्या प्रियकराला गोळी घातली, जमावाने तिला तुरुंगातून ओढून काढले आणि झाडाला फाशी दिले. शिष्टाचाराचे ठरीव वाक्य दर कडव्याच्या अखेरीस तसेच परत येते. पोर्टर यांच्यासारख्या ऐषआरामी वर्गाच्या कवीने ही वस्तू विनोद म्हणून रचली होती, आणि दिवाणखान्यात ती विनोद म्हणूनच गायिली जात असे. येथे वाद्यवृंद बाजूला सरतो आणि पॉल स्मिथ यांचा पियानो तेवढा उरतो. फिट्झजेराल्ड सेवकाचा स्वर एकदाही सोडत नाहीत. शिष्ट वाक्य शिष्टपणे म्हटले जाते, फाशीचे वृत्तही तितक्याच शिष्टपणे. जमावाने माणसे झाडाला टांगल्याच्या घटना ज्या देशात शेकडो-हजारोंनी मोजाव्या लागतात, त्या देशातील एक कृष्णवर्णीय स्त्री १९५६ मध्ये हे शब्द गात आहे, याची आठवण स्वराने करून दिली जात नाही. ती करून दिली असती तर गीत निबंध झाले असते. भाषेतील विनयाचे साचे किती भयंकर गोष्टी झाकू शकतात, हे येथे त्या साच्यातूनच कळते. ज्या गुणाला इतरत्र उणीव म्हटले जाते त्याच गुणावर हे गायन उभे आहे.

सर्वत्र असे घडत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटले पाहिजे. रॉजर्स आणि हार्ट संचातील ‘बीविच्ड’ घ्यावे. ‘पॅल जोई’ या १९४० च्या नाटकात ही गीतमालिका एका श्रीमंत, विवाहित, पोक्त स्त्रीच्या तोंडी आहे. एका हलक्या नाचगाण्याच्या अड्ड्यावरील तरुणावर ती भाळली आहे, तो कोण आहे हे तिला पक्के ठाऊक आहे, आणि तरीही ती भाळली आहे. लोरेन्झ हार्ट यांचे शब्द बोचरे, शारीर आणि स्वतःवरच उलटणारे आहेत. फिट्झजेराल्ड ते कडव्यामागून कडवे गातात; मोहभंगाचे अखेरचे कडवेही गाळीत नाहीत; ध्वनिमुद्रण सात मिनिटांपर्यंत जाते. परंतु मोहात पडलेली आणि मोहातून सुटलेली स्त्री यांच्या आवाजात फरक जवळजवळ नाही. ‘बट नॉट फॉर मी’मध्ये रिकामी ठेवलेली जागा गीतकाराच्या पात्राने घेतली, कारण ते पात्र साधे होते. येथील पात्राला अभिनेत्री हवी आहे, आणि ती मिळत नाही. हार्ट यांचे शब्द स्वच्छ ऐकू येतात, त्यांतील विष मात्र निवळून जाते.

दुसरी उणीव योजनेचीच आहे. गर्श्विन संचात पाच तबकड्या आणि ५३ गीते आहेत. प्रत्येक गीताकडे सारखेच लक्ष, प्रत्येक शब्दाला सारखीच निगा. कोशकाराला हे भूषण. श्रोत्याला, सलग ऐकू गेल्यास, हा थकवा. शब्दकोश कोणी पहिल्या पानापासून अखेरपर्यंत वाचीत नाही, आणि हे संचही तसे ऐकू नयेत. सोस्यूर यांची परिभाषा वापरायची तर या संचांत गीतांची व्यवस्था सापडते, प्रत्यक्ष उक्ती क्वचित.

एलिंग्टन संच मात्र या चौकटीत बसत नाही, आणि म्हणूनच तो अधिक उद्बोधक आहे. एलिंग्टन यांच्या पुष्कळ रचना मुळात वाद्यांसाठी झाल्या. शब्द मागाहून इतरांनी बसविले, काही ठिकाणी चांगले, काही ठिकाणी ओढूनताणून. पोर्टर यांच्या गीतातून शब्द काढले तर अर्धे गीत जाते. एलिंग्टन यांच्या रचनेतून काढले तर कधीकधी ती मोकळी होते. ‘रॉकिन इन रिदम’ आणि ‘कॉटन टेल’ यांत फिट्झजेराल्ड शब्द टाकून देतात व निरर्थक अक्षरांत गातात. ‘कॉटन टेल’च्या १९४० च्या मूळ ध्वनिमुद्रणात बेन वेब्स्टर यांचे सॅक्सोफोनवादन विख्यात झाले होते, या संचातील छोट्या वाद्यमेळातही ते वेब्स्टर उपस्थित आहेत. येथे गायिका वाद्याचे अनुकरण करते असे म्हणून सोडून देणे सोपे आहे. ती त्या वादकाशी बोलते, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

स्कॅट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गायनाची तुलना आपल्याकडील तराण्याशी करण्याचा मोह होतो. पण तराण्याचे बोल परंपरेने व बंदिशीने बांधलेले असतात, स्कॅटची अक्षरे त्या त्या क्षणी निवडली जातात. ही निवड मात्र स्वैर नसते. फिट्झजेराल्ड यांच्या स्कॅटमधील वर्णसमूह निरर्थक असले तरी बहुतांशी इंग्रजीत संभाव्य आहेत. इंग्रजी अक्षराच्या आरंभी जे चालते तेच आरंभी, अखेरीस जे चालते तेच अखेरीस. जोराच्या ठोक्यावर ओष्ठ्य वा दंतमूलीय स्पर्शवर्ण, मधल्या दुर्बल मात्रांवर द्रव वर्ण आणि अनुनासिक, दीर्घ स्वरावर पसरट वा गोलाकार उच्चार: ही वाटणी इतकी नियमित आहे, की बलाघातावर चालणाऱ्या इंग्रजी बोलण्याचा सांगाडाच अर्थ काढून घेऊन समोर ठेवला आहे असे वाटते. सेरा वॉन यांच्या स्कॅटशी तुलना केल्यास भेद कळतो. वॉन यांची अक्षरे बीबॉपच्या छोट्या वाद्यमेळाला जवळची, फिट्झजेराल्ड यांची मोठ्या वाद्यवृंदातील पितळी वाद्यांच्या तुकड्यांना जवळची. चिक वेब यांच्याकडील उमेदवारी त्यांच्या वर्णोच्चारात अखेरपर्यंत टिकली. १९४५ चे ‘फ्लाइंग होम’ आणि १९४७ चे ‘ओ, लेडी बी गुड’ ऐकताना हे ताबडतोब ध्यानात येते. ग्रॅमी पारितोषिकांच्या पहिल्या वर्षी, १९५९ मध्ये, बर्लिन संचासाठी फिट्झजेराल्ड यांना गायिकांसाठीचे सर्वसाधारण पारितोषिक आणि एलिंग्टन संचासाठी जॅझचे पारितोषिक मिळाले. एकाच गळ्याची परीक्षकांनी दोन खात्यांत नोंद केली. शब्द आले की लोकप्रिय गायन, शब्द गेले की जॅझ, अशी ही विभागणी सोयीची असेल; कानाला ती पटत नाही.

शब्द आणि शब्दाभाव यांतील सीमा कशी असते हे पाहण्यासाठी १३ फेब्रुवारी १९६० चे बर्लिन येथील जाहीर ध्वनिमुद्रण अपरिहार्य आहे. स्कॅटच्या उगमाविषयी एक दंतकथा आहे: १९२६ मध्ये ‘हीबी जीबीज’ गाताना लुई आर्मस्ट्रॉंग यांच्या हातून शब्दांचा कागद पडला आणि त्यांनी निरर्थक अक्षरांनी वेळ निभावली. निरर्थक अक्षरांत गाण्याची रीत त्याआधीही होती, तेव्हा ही कथा उगमकथा म्हणून टिकत नाही. बर्लिनला मात्र शब्द खरोखरच हरवले, आणि ते हरवणे तबकडीवर आहे. ‘मॅक द नाइफ’ हे ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांचे गीत १९२८ मध्ये बर्लिनमध्येच प्रथम रंगभूमीवर आले. मार्क ब्लिट्झस्टाइन यांच्या इंग्रजी रूपात ते आर्मस्ट्रॉंग आणि बॉबी डॅरिन यांनी घरोघर पोचविले होते. शब्द आठवावेत अशी आशा फिट्झजेराल्ड आरंभीच श्रोत्यांना बोलून दाखवितात. काही कडव्यांनंतर ते आठवत नाहीत. गीत मात्र थांबत नाही. ओळीची लांबी, आघातांची ठिकाणे, यमकाचे घर, एकेका पायरीने चढत जाणारी पट्टी, यांतील काहीही ढळत नाही. गेली आहे ती केवळ शब्दसामग्री. त्या रिकाम्या घरांत त्या पुढचे कडवे आठवत नसल्याची कबुली भरतात, मग डॅरिन आणि आर्मस्ट्रॉंग यांनी हे गीत ध्वनिमुद्रित केल्याची वार्ता, मग आर्मस्ट्रॉंग यांच्या खरखरीत आवाजाची नक्कल, मग स्कॅट. स्मृती आणि छंद यांची भाषेतील कोठारे वेगवेगळी असतात, असे सांगणाऱ्या अध्यापकाला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

परंतु येथे त्याहून महत्त्वाची गोष्ट सर्वनामांची आहे. फिट्झजेराल्ड यांच्या ध्वनिमुद्रणांत ‘मी’ला गाणाऱ्या व्यक्तीचा थेट निर्देश फार क्वचित मिळतो, येथे तो मिळतो. आठवत नाही असे म्हणणारी ‘मी’ ही कोणत्याही नाटकातली नाही. आणि मग काय होते? ती ‘मी’ टिकत नाही. क्षणात ‘आम्ही’ येते, साथीदारांसह. आणि त्याबरोबर स्वतःचे नाव, तृतीय पुरुषी, जणू दुसऱ्या कोणाविषयी सांगावे तसे. त्याच कार्यक्रमातील ‘हाउ हाय द मून’मध्ये, सुमारे सात मिनिटे अनेक चालींचे तुकडे गुंफीत गेल्यावर, कर्न यांच्या प्रसिद्ध गीतातील धुराच्या जागी त्या घाम हा शब्द घालतात, आणि डोळे स्वतःचे. घामाने निथळणारी ती गायिका तेवढीच क्षणभर समोर येते. आत्मकथनाला त्यांनी दिलेली सवलत ती एवढीच, आणि तीही विनोदाच्या मिषाने.

त्याच वर्षी एका चित्रपटाच्या निमित्ताने त्यांनी केवळ पॉल स्मिथ यांच्या पियानोसह काही गीते ध्वनिमुद्रित केली. चित्रपट विस्मरणात गेला आहे. तबकडी मात्र पुढे ‘द इंटिमेट एला’ या नावाने पुन्हा निघाली, आणि साऱ्या सॉंग बुक संचांहून ती अधिक मोलाची आहे. तीत आर्लेन आणि मर्सर यांचे ‘वन फॉर माय बेबी’ आहे. मध्यरात्र उलटलेली, गुत्ता जवळजवळ रिकामा, आणि एक माणूस पेले भरणाऱ्याला उद्देशून बोलत आहे. आपल्यापाशी एक गोष्ट आहे, ती सांगितलीच पाहिजे, असे तो पुनःपुन्हा म्हणतो. पण गोष्ट येत नाही. मर्सर यांनी ती लिहिलेलीच नाही. फ्रॅंक सिनात्रा यांनी १९५८ मध्ये हे गीत गायिले तेव्हा त्यांनी तो मद्यपी उभा केला, आणि अभिनय असा केला, की गोष्ट आपल्याला कळलीच असे श्रोत्याला वाटावे. फिट्झजेराल्ड मद्यपी होत नाहीत. व्यंजने जिभेवर घसरत नाहीत, लय अडखळत नाही. शुद्धीवर असलेली एक स्त्री, सभ्यपणे, आपल्याला काही सांगावयाचे आहे असे म्हणते, आणि सांगत नाही. पुढच्याच वर्षी आर्लेन संचात त्यांनी हेच गीत बिली मे यांच्या वाद्यवृंदासह गायिले. उच्चार तितकेच स्वच्छ आहेत; पण त्या गुत्त्यात आता फार माणसे आहेत.